जबड्याची साक्ष

काडेपेटीच्या बाजूवर काडी घासली की ती पेटते. भिंतीवर किंवा दगडावर घासली तर सहसा पेटत नाही. असे का, हा प्रश्न आपण वर्गात विचारतो आणि उत्तरही सांगतो. पेटवायला लागणारा फॉस्फरस काडीच्या गुलात नसतो, तो पेटीच्या बाजूवरच्या तपकिरी पट्टीत असतो, आणि तोही तांबडा फॉस्फरस असतो. रसायनशास्त्राच्या तासाला एवढे पुरते. परंतु फॉस्फरस काडीवरून उचलून पेटीवर का नेला आणि पांढऱ्याच्या जागी तांबडा का आणला, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांचे उत्तर माणसाच्या जबड्यात दडले आहे. पुढे शंभर वर्षांनी हाडे मजबूत करणाऱ्या औषधांच्या निमित्ताने हाच जबडा पुन्हा डॉक्टरांसमोर आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते या लेखात पाहू.

हाडांतून निघालेला फॉस्फरस

हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड यांना १६६९ मध्ये फॉस्फरस सापडला तो मूत्र आटवताना. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १७७० च्या सुमारास, स्वीडनमधील गान आणि शील यांनी दाखवून दिले की हाडांतही फॉस्फरस भरपूर असतो, कारण हाडांचा खनिज भाग मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा बनलेला असतो. मग फॉस्फरस मिळवणे सोपे झाले. जनावरांची हाडे जाळायची, त्या राखेवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करायची आणि मिळालेला पदार्थ कोळशाबरोबर तापवायचा. एकोणिसाव्या शतकातल्या आगकाड्यांसाठी लागणारा फॉस्फरस मोठ्या प्रमाणावर असा हाडांतूनच काढला जाई.

घासून पेटणारी काडी इंग्लंडमधील जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विकायला आणली. तिच्यात फॉस्फरस नव्हता आणि ती पेटायला त्रास देई. फ्रान्समधील शार्ल सोरिया यांनी १८३१ मध्ये गुलात पांढरा फॉस्फरस घातला आणि काडी कुठेही घासली तरी पेटू लागली. अंधारात चकमक झाडत बसणाऱ्या जगाला हा चमत्कारच वाटला असणार. काही वर्षांतच युरोपात जागोजागी काडेपेटीचे कारखाने निघाले. फॉस्फरस वितळवून सरसात कालवायचा, त्या लगद्यात काड्यांची टोके बुडवायची, त्या वाळवायच्या आणि पेट्यांत भरायच्या, हे काम. ते करणाऱ्यांत गरीब घरांतल्या स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने असत. लसणासारख्या वासाच्या वाफेत दिवसभर उभे राहायचे आणि बहुतेक ठिकाणी भाकरतुकडाही तिथेच बसून खायचा, अशी पद्धत होती.

दातदुखीपासून सुरुवात

व्हिएन्नातील डॉक्टर फ्रीडरिश लोरिन्सर यांनी १८४५ मध्ये काडेपेटीच्या कारखान्यांतील कामगारांच्या एका विचित्र आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आधी दात दुखे. तो काढला तरी जखम भरून येत नसे. हिरडी सुजे, पू वाहू लागे, आणि मग हिरडीतून जबड्याचे हाड उघडे पडे. ते हाड मेलेले असे. दुर्गंधीमुळे रोग्याजवळ कुणाला बसवत नसे. अनेकांचा खालचा जबडा शस्त्रक्रियेने काढावा लागला आणि काहींचा पू अंगात भिनून मृत्यू झाला. दोनच वर्षांनी, १८४७ मध्ये, फॉन बिब्रा आणि गाइस्ट या दोघा जर्मनांनी या कामगारांच्या आजारांवर अख्खे पुस्तक लिहिले. इंग्रज कामगारांनी आजाराला आपल्या बोलीत नाव दिले, ‘फॉसी जॉ’, म्हणजे फॉस्फरसचा जबडा.

या आजाराची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. एक म्हणजे तो लगेच होत नसे. काम सुरू केल्यावर तो दिसायला बहुधा काही वर्षे लागत. दुसरे म्हणजे तो सगळ्यांना होत नसे. ज्यांचे दात किडलेले असत किंवा ज्यांचा दात नुकताच काढलेला असे, त्यांना तो अधिक होई. यातून मालकांना सोयीचा युक्तिवाद मिळाला: दोष फॉस्फरसचा नसून कामगारांच्या दातांचा आहे. हा युक्तिवाद अर्धा खरा होता, आणि म्हणूनच तो पुष्कळ वर्षे टिकला. किडका दात हे रोग आत शिरण्याचे दार होते. पण फॉस्फरस नसलेल्या कारखान्यांत किडके दात असूनही लोकांचे जबडे गळत नव्हते.

पर्याय होता, पण...

लोरिन्सर यांनी रोगाचे वर्णन केले त्याच सुमारास, त्याच व्हिएन्ना शहरात, आंतोन श्रॉटर यांनी हवा वगळून पांढरा फॉस्फरस तापवला की तांबडा फॉस्फरस मिळतो हे सिद्ध केले. मूलद्रव्य तेच, पण तांबड्याची वाफ सहज होत नाही आणि तो विषारीही नाही. स्वीडनमध्ये गुस्ताफ पाश यांनी १८४४ मध्ये फॉस्फरस काडीवर न ठेवता घासपट्टीवर ठेवण्याचे पेटंट घेतले होते. योन्शोपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी या कल्पनेला तांबड्या फॉस्फरसची जोड दिली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या सुरक्षित काडेपेटीला पारितोषिकही मिळाले. म्हणजे रोग ठाऊक झाल्यापासून दहा वर्षांच्या आत त्यावरचा उपाय बाजारात होता.

तरीही पांढरा फॉस्फरस जायला आणखी अर्धे शतक लागले. नवी काडी महाग पडे, आणि कुठेही घासून पेटणाऱ्या काडीची गिऱ्हाइकांना सवय जडली होती. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घातली. ब्रिटन मात्र थांबले. १८८८ च्या जून महिन्यात ॲनी बेझंट यांनी लंडनमधील ब्रायंट अँड मे या कारखान्यातील मुलींची तुटपुंजी मजुरी आणि त्यांच्यावर लादले जाणारे दंड यांविषयी लेख लिहिला. पुढच्याच महिन्यात त्या कारखान्यातल्या सुमारे चौदाशे स्त्रिया आणि मुलींनी काम बंद केले. याच बेझंटबाई पुढे भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकवतो. संप मुख्यतः दंड आणि बडतर्फी यांविरुद्ध होता. तो यशस्वी झाला, जेवायला वेगळी जागाही मिळाली, पण फॉस्फरस गेला नाही. जबड्याचे रोगी सरकारला न कळवल्याबद्दल याच कंपनीला १८९८ मध्ये दंड झाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सेव्हेन आणि काएन यांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइडची, कुठेही घासून पेटणारी आणि तरीही जबडा न खाणारी काडी तयार केली. आता जुन्या सबबी संपल्या.

१९०६ मध्ये बर्न येथे पांढऱ्या फॉस्फरसच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला आणि १९१० पासून तो अमलात आला. अमेरिकेत डायमंड मॅच कंपनीने १९११ मध्ये नव्या काडीवरचा आपला पेटंटहक्क सर्वांसाठी सोडून दिला आणि १९१२ मध्ये तेथील संसदेने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर जबर कर बसवून त्यांचा निकाल लावला. आपल्याकडे १९१३ च्या पाचव्या कायद्याने अशा काड्यांची आयात, निर्मिती आणि विक्री बंद झाली. पुढे एक पिढी गेली आणि डॉक्टरांनाही हा रोग केवळ पुस्तकातून माहीत राहिला.

जुन्या नोंदींतला दुसरा धागा

त्या काळच्या नोंदींत आणखी एक गोष्ट होती. जर्मनीतील वेगनर यांनी १८७२ मध्ये प्राण्यांच्या पिलांना फॉस्फरसची अगदी थोडी मात्रा देऊन पाहिली. त्यांच्या वाढत्या हाडांच्या टोकांशी नेहमीपेक्षा दाट, टणक हाडाचा थर तयार झाला. म्हणजे जबडा मारणारे विष हाड दाट करणारेही होते! यावरून व्हिएन्नातील कासोविट्झ यांनी १८८० च्या दशकात मुडदूस झालेल्या मुलांना कॉड माशाच्या तेलातून फॉस्फरस द्यायला सुरुवात केली. गुण येई तो बहुधा तेलातल्या ड जीवनसत्त्वामुळे, पण ते जीवनसत्त्व तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. दुसरीकडे, इंग्लंडमधील डिअर्डन या डॉक्टरांनी १८९९ मध्ये लिहिले की काडेपेटीच्या कारखान्यातील कामगारांची लांब हाडे क्षुल्लक कारणाने मोडतात.

हाड दाट होते, तरीही मोडते, आणि जबड्यात तर मरते. या तीन गोष्टी एकत्र कशा नांदतात? हे कळण्यासाठी हाड म्हणजे काय ते नीट पाहायला हवे.

हाड हे जिवंत बांधकाम आहे

एक साधा प्रयोग वर्गात करता येईल. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवावे. आम्लात खनिज विरघळते आणि हाड रबरासारखे वाकू लागते. दुसरे हाड निखाऱ्यात चांगले भाजावे. त्याचा आकार टिकतो, पण बोटांनी दाबले की भुगा होतो, कारण प्रथिनांचे तंतू जळून गेलेले असतात. टणकपणा खनिजाचा आणि चिवटपणा तंतूंचा, हे मुलांना लगेच पटते.

पण या प्रयोगातली दोन्ही हाडे मेलेली आहेत. शरीरातले हाड जिवंत असते, आणि ते सतत मोडले आणि बांधले जात असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने, बारीक तडे गेलेले हाड विरघळवून त्यात खड्डा करतात. मागून ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि तो खड्डा नव्या हाडाने भरतात. जुन्या वाड्याची डागडुजी अशीच चालते. कुजलेला वासा आधी उतरवावा लागतो, मगच नवा चढवता येतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातील सुमारे दहा टक्के हाड दरवर्षी असे नवे होते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांची पाळी गेल्यानंतर, उतरवणारे हात चढवणाऱ्यांच्या पुढे जातात. हाडे विरळ होतात, आणि घरात घसरून पडल्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडते. या विकाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

नळातल्या क्षारापासून औषधापर्यंत

हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालणारे औषध सापडले ते आडवाटेने. पाण्यातला क्षार नळांत आणि भांड्यांत साचू नये म्हणून उद्योगांत काही फॉस्फेटयुक्त रसायने वापरली जात. हर्बर्ट फ्लाइश या स्विस शास्त्रज्ञाला आपल्या शरीरातही असाच एक पदार्थ आढळला, तो म्हणजे पायरोफॉस्फेट. त्याच्या रेणूत फॉस्फरसचे दोन अणू ऑक्सिजनच्या एका अणूने जोडलेले असतात. नको तेथे कॅल्शियमचे खडे बनू न देण्याचे काम तो करतो. पण औषध म्हणून तोंडाने दिला तर शरीरातील विकरे हा ऑक्सिजनचा सांधा तोडून टाकतात. मग ऑक्सिजनच्या जागी कार्बन असलेले रेणू निवडण्यात आले. तो सांधा विकरांना तुटत नाही. अशा रेणूंना बिस्फॉस्फोनेट म्हणतात. त्यांतला एक तर १८९७ मध्येच फॉन बायर आणि हॉफमन यांनी प्रयोगशाळेत बनवला होता. फ्लाइश, ग्रॅहम रसेल, मेरियन फ्रान्सिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की हे रेणू हाडाला चिकटतात आणि हाड विरघळण्याची क्रिया मंदावतात.

पुढची पावले झपाट्याने पडली. नायट्रोजन असलेले नवे रेणू पहिल्यापेक्षा हजारो पटींनी प्रभावी निघाले. कर्करोग हाडांत पसरलेल्या रोग्यांना त्यांनी मोठा दिलासा दिला. अलेंड्रोनेट या गोळीला १९९५ मध्ये अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी मान्यता मिळाली. मणक्याचे हाड आधीच मोडलेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांत खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले होते. हे यश लहान नव्हते. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पुढे काय होते, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते.

जबडा पुन्हा बोलला

२००३ मध्ये अमेरिकेतील मायामीचे मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी आपल्या क्षेत्रातील नियतकालिकाला एक पत्र लिहिले. पामिड्रोनेट आणि झोलेड्रोनेट ही बिस्फॉस्फोनेट औषधे शिरेतून घेतलेल्या ३६ रोग्यांच्या जबड्याचे हाड उघडे पडले होते आणि भरून येत नव्हते. पुढल्या वर्षी रुजिएरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी ६३ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. अनेकांची सुरुवात दात काढण्यापासून झाली होती. वर्णन वाचताना लोरिन्सर यांच्या रोग्यांची आठवण येते. २००५ मध्ये हेल्स्टाइन आणि मॅरेक यांनी हा दुवा उघडपणे मांडला आणि एकविसाव्या शतकातला फॉस्फरसचा जबडा तो हाच का, असा प्रश्न विचारला. त्याच सुमारास औषधांच्या माहितीपत्रकांत इशारा छापला जाऊ लागला. पुढे, २०१० मध्ये, दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काही रोग्यांचे मांडीचे हाड मधोमध सहज मोडते, असाही इशारा अमेरिकेत देण्यात आला. डिअर्डन यांच्या १८९९ च्या निरीक्षणाशी त्याचे साम्य नजरेत भरते.

मग दोन्ही आजार एकच आहेत काय? फॉस्फरसच्या वाफेपासून शरीरात बिस्फॉस्फोनेटसारखा रेणू तयार होत असावा, असे अनुमान मार्क्स यांनी मांडले आहे, परंतु ते सिद्ध झालेले नाही. शिवाय एक पुरावा आपल्याला अधिक खोलात नेतो. २०१० मध्ये डेनोसुमॅब हे औषध आले. ते प्रतिपिंड आहे, म्हणजे प्रथिन. बिस्फॉस्फोनेटशी त्याच्या रचनेचे काही नाते नाही. तेही ऑस्टिओक्लास्ट पेशींनाच रोखते, पण अगदी वेगळ्या वाटेने. आणि त्यानेही काहींच्या जबड्याचे हाड मरते! म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेतील मुखशल्यविशारदांच्या संघटनेने आजाराच्या नावातून बिस्फॉस्फोनेट हा शब्द काढून केवळ ‘औषधाशी संबंधित’ असा शब्द घातला. यावरून असे दिसते की या औषधांच्या बाबतीत मूळ अपाय फॉस्फरसचा नसून जुने हाड उतरवण्याचे काम थांबण्याचा आहे.

मग जबडाच का? कारण इतर कुठल्याही हाडावर असा प्रसंग येत नाही. दात हिरडी भेदून थेट हाडात रोवलेला असतो. हाडावर केवळ पातळ आवरण असते आणि भोवती जंतूंची वस्ती. चावण्याच्या ताणामुळे येथे हाडाची डागडुजी वेगाने चालू राहावी लागते. दात काढला की जखमेतले खराब झालेले हाड हटवल्याशिवाय ती भरत नाही. हटवणारे हातच बांधलेले असले, तर मेलेले हाड तिथेच राहते आणि त्यात जंतू घर करतात. कामगारांच्या किडक्या दातांबद्दलचे जुने निरीक्षण खरेच होते. फक्त त्याचा उपयोग मालकाच्या बचावासाठी झाला, कामगाराच्या बचावासाठी झाला नाही.

चाचण्यांत हे का कळले नाही?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील, आणि त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ऑस्टिओपोरोसिससाठी गोळ्या घेणाऱ्यांत या आजाराचे प्रमाण दहा हजारांत दोन ते पाच इतके आहे, असे वर उल्लेखिलेल्या संघटनेचे २०२२ चे निवेदन सांगते. चाचणीत हजार स्त्रियांना औषध दिले, तर त्यांत किती रोगी अपेक्षित आहेत? पाच भागिले दहा, म्हणजे अर्धा! अर्धा रोगी कुणाला दिसणार? कर्करोगासाठी मात्रा मोठी असते. झोलेड्रोनेट कर्करोगात तीन-चार आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम देतात, तर ऑस्टिओपोरोसिसमध्ये वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम. वर्षाचा हिशेब केला तर सुमारे दसपट फरक पडतो, आणि धोकाही पुष्कळ वाढून शंभरात काही जणांपर्यंत जातो. म्हणून पहिले रोगी मुख्यतः कर्करोगाचेच होते. शिवाय हाडांचे डॉक्टर तोंडात पाहत नाहीत आणि दातांचे डॉक्टर हाडांची औषधे विचारत नाहीत, अशी कामाची वाटणी झालेली होती. फॉस्फरसच्या जबड्याच्या नोंदी ग्रंथालयात होत्या, पण त्या कारखान्यांच्या इतिहासाच्या कपाटात.

या हकिकतीतून औषध वाईट आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याच्यासाठी खुबा मोडण्याचा धोका जबड्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. बिस्फॉस्फोनेट हाडांत वर्षानुवर्षे टिकून राहते, त्यामुळे गोळी दोन दिवस बंद केल्याने काही साधत नाही. डेनोसुमॅब तर मनाने बंद केले किंवा त्याचे इंजेक्शन लांबवले, तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध थांबवू नये.

करण्याजोगी गोष्ट साधी आहे. असे औषध सुरू करण्याआधी दात तपासून घ्यावेत. काढायचे असतील ते आधी काढून जखम भरू द्यावी. औषध चालू असताना दात स्वच्छ ठेवावेत, आणि दाताच्या डॉक्टरांकडे गेल्यावर औषधाचे नाव आवर्जून सांगावे. आठ आठवडे उलटूनही हिरडीतून हाड दिसत राहिले, तर ते साधे दुखणे समजू नये. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीची आजी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर एक गोळी घेत असेल आणि तिची दाढही दुखत असेल. गोळीचे नाव दातांच्या डॉक्टरांना सांगायचे असते, हे त्या मुलीने आज घरी जाऊन आजीला सांगितले तर चांगलेच.